लूपमधले पाच सेकंद

दीपमाला नोकरीला आली त्या दिवशी वीरधवलला तिचा हेवा वाटला नव्हता. उलट कोपऱ्यातली बरी खुर्ची त्यानेच तिला पुसून दिली होती. साताऱ्याकडची, सुभेदाराची मुलगी, वय सव्वीस. अशा माणसाला खुर्ची देण्यात मोठेपणा असतो आणि लागत काहीच नाही. हेवा वाटला तो पुढे पंधरा दिवसांनी, तात्यांना तिचं बोलणं समजलं तेव्हा.

कारण तात्यांना वीरधवलचं बोलणं कधीच समजत नसे. कुपवाडला तात्यांचा कारखाना. शेतातल्या पंपाशेजारी बसवायच्या पेट्या तिथे तयार होत. पेटी कारखान्याच्या सर्व्हरशी बोलायची आणि शेतकऱ्याला घरबसल्या मोबाइलवरून मोटर चालू-बंद करता यायची. हा सर्व्हर वीरधवलने अकरा वर्षांपूर्वी सी भाषेत एकहाती लिहिलेला. पाहुणे आले की तात्या त्यांना वीरधवलच्या टेबलापाशी आणत आणि म्हणत, "ह्येनं काय केलंय ते मला सुदिक कळत न्हाई, एवढं भारी हाय." वीरधवल मान खाली घालून हसायचा. तात्यांना कळत नाही, यावरच त्याची पत उभी होती, आणि ती जपण्याइतका तो हुशार होता.

अडचण एकच झाली होती. पंप वाढले. त्यातून शेतीची लाइट गेलेली परत आली, की सगळ्या पेट्या एकाच क्षणाला जाग्या होऊन सर्व्हरवर तुटून पडत. वीरधवलचा सर्व्हर प्रत्येक पंपामागे एक स्वतंत्र धागा, म्हणजे एक स्वतंत्र गडी नेमायचा. चाळीस पंपांना ते शोभून दिसलं. तीनशे पंपांना तीनशे गडी नेमताना मशीन जागच्या जागी बसायला लागलं. वीरधवल म्हणायचा, "मशीन मोठं घ्या." दीपमाला म्हणाली, "गडी कमी करू."

तिने तात्यांना विचारलं, "तात्या, तुमच्या गावाकडं पाटावर पाटकरी किती?"

"येकच."

"आणि शेतं?"

"असतील की शंभर."

"मग एकटा शंभर शेतांना कसा पुरतो?"

तात्या हसले. "आगं, तो काय एकाच्याच बांधावर बसून ऱ्हातो व्हय? दार मोडून पानी सोडायचं, भरलं की हाक मार म्हनायचं, फुडच्या शेतावर जायाचं."

"बस्स. आपण आत्ता शेतागणिक एक पाटकरी ठेवलाय आणि तो पाणी येईपर्यंत नुसता बसून असतो. मी एकच ठेवणार. लिबयूव्ही नावाची लायब्ररी आहे, म्हणजे आयता मिळणारा कोड, ती अशाच फेऱ्या मारते. तिला इव्हेंट लूप म्हणतात. कुठल्या पंपाकडून काही आलं, की ती आपल्या फंक्शनला, म्हणजे आपण त्या कामासाठी लिहून ठेवलेल्या तुकड्याला, हाक मारते. आपण तेवढं काम उरकायचं आणि तिला सोडायचं. अट एकच. हाक आल्यावर आपण तिथं बसून राहायचं नाही. एका बांधावर पाटकरी बसला, की शंभर शेतं कोरडी."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मायला! म्हंजी ह्ये एवढंच हाय व्हय! वीरू, आरं अकरा वर्सांत असं का न्हाई सांगितलंस रं मला?"

वीरधवल म्हणाला, "सांगितलं होतं की." सांगितलं नव्हतं. आणि हे तिघांनाही माहीत होतं.

त्या आठवड्यापासून वीरधवल मोजू लागला. सोमवारी तात्यांनी दीपमालाचं नाव सात वेळा घेतलं, त्याचं तीन वेळा, त्यातही एकदा पंख्याचं बटण बंद करायला. बुधवारी तात्यांनी तिच्या टेबलावर टेकून चहा घेतला. त्याच्या टेबलाला असं टेकून दोन वर्षं झाली होती. शुक्रवारी पाहुणे आले. तात्या त्यांना घेऊन त्याच्या टेबलापर्यंत आले, क्षणभर थांबले, आणि पुढे गेले. पाहुण्यांना ते पाटकऱ्याची गोष्ट सांगताना ऐकू येत होते, आणि ती इतकी रंगवून सांगत होते, जणू लूप त्यांनीच लिहिला असावा.

दीपमालाचं वागणं मात्र चुकायला तयार नव्हतं, हा आणखी एक त्रास. सारखं "सर, बघता का जरा?" उद्धट असती तर हेव्याला धरायला काहीतरी लागलं असतं. तिला पहिल्याच दिवशी त्याने एक नियम सांगितला होता, आणि तो नियम कारखान्यात सगळेच पाळत: "जुनं चालतंय, ते आतून उकरायचं नाही. लागलं तर उचलायचं, नव्या जागी ठेवायचं." ती "हो सर" म्हणाली होती. तो नियमही तिने मोडला नाही.

मग तात्यांनी एका दुपारी त्याला आत बोलावलं. "वीरू, आष्ट्याच्या अलीकडं त्या पानीपुरवठा संस्थेचं काम मिळतंय. तीनशे बारा पंप. गुरवारी चाचनी हाय. पोरीचा सर्व्हर टिकला, की सगळीकडं त्योच बसवायचा."

"चांगलं आहे."

"मग तू सातारची शाखा बघ. तिथं दुरुस्तीला जाणतं मानूस पायजे. गोडोलीत खोली बघून ठेवतो."

साताऱ्याच्या शाखेत काय होतं, तर दोन टेबलं, एक सोल्डरिंग आयर्न आणि वीज पडून जळालेल्या पेट्यांचा ढीग. तिकडची पोरगी इकडे त्याच्या जागेवर बसणार, आणि तो तिकडे जाऊन पेट्यांतले मेलेले मुंगळे झाडणार. "बघू," एवढंच तो म्हणाला.

रविवारी सकाळी विश्रामबागच्या घरात त्याने लॅपटॉप उघडला आणि दीपमालाचा सगळा कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. आंघोळ राहिली, पोहे निवले. उमा, त्याची बायको, शाळेत शिकवत असल्यामुळे माणसाचं वाचन कशासाठी चाललंय हे पाठीवरून ओळखायची.

"कुणाचं आहे एवढं?" तिने विचारलं.

"ऑफिसचं."

"ऑफिसचं असतं तर एव्हाना चार जांभया दिल्या असत्या तुम्ही. हे पेपर तपासण्यासारखं चाललंय. लाल पेन देऊ का?"

"उमा, जरा गप बस."

"म्हणजे अजून चूक सापडली नाही."

साडेअकराला सापडली. पंप नव्याने जोडला गेला, की लूप ज्या फंक्शनला हाक मारत होता, त्यातून एक लहान फंक्शन चालायचं. सहा-सात ओळींचं. पेटीचा नुसता आकडी पत्ता न लिहिता, नेटवर्कला विचारून त्या पत्त्याचं नाव काढायचं आणि मग नोंद करायची. कुपवाडच्या कारखान्यात नावाचं उत्तर निमिषात यायचं, म्हणून कुणाला दिसलं नसेल. पण इंटरनेट गेलं, तर ते फंक्शन उत्तराची वाट बघत निदान पाच सेकंद तिथेच बसणार. आणि लूपमध्ये कुणी बसायचं नसतं. तीनशे बारा पंप, एकेकाला पाच सेकंद. त्याने मनातच गुणाकार केला: सव्वीस मिनिटं. सव्वीस मिनिटं सर्व्हर मुका, बहिरा, आंधळा.

"आणि नाव हवंय कशाला?" तो स्वतःशी म्हणाला. "नुसता दिखाऊपणा. पोरगी हुशार आहे, पण नटवी आहे कोडात."

मग तो उठला, आंघोळ केली आणि निवलेले पोहे दोनदा वाढून घेतले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर गेले, तेव्हा त्याने चाचणीच्या मशीनची इंटरनेटची वायर काढली आणि वीस खोटे पंप एकदम जोडून बघितले. सर्व्हर गार. त्याने वायर परत लावली. आता सांगायला हवं होतं. सोमवारी सांगायचं राहिलं, कारण दीपमाला फोनवर होती. मंगळवारी सांगणारच होता, तेवढ्यात तात्या तिला म्हणाले, "आष्ट्याला चेअरमनला तूच समजावून सांग, तुजी वानी चांगली हाय." त्याने तोंड मिटलं. बुधवारी तिने आपणहून विचारलं, "सर, एकदा नजर टाकाल का? उद्या चाचणी आहे."

"टाकली," तो म्हणाला. "छान आहे."

गुरुवारी दहाला ते तिघं संस्थेच्या कार्यालयात पोचले. पेट्या छतावरच्या अँटेनाशी बोलायच्या, त्यांना इंटरनेटची गरज नव्हती. चाचणीचा सर्व्हर कार्यालयातच ठेवला होता, आणि लाइट आली की ठरलेल्या मोटरी तो आपणहून लावणार होता; इंटरनेट लागायचं ते फक्त सभासदांच्या मोबाइलशी बोलायला. खोलीत चेअरमन, पाच-सहा सभासद आणि संस्थेचा पाटकरी केरबा. केरबाला या नव्या मशीनचा राग होता आणि तो त्याने लपवला नव्हता.

"म्या काय करायचं मग? घरी बसून बायकूचं पाय दाबू?" त्याने विचारलं.

"दाबा की," दीपमाला म्हणाली. "कधी दाबलेत?"

सभासद खदखदून हसले. केरबाही हसला. वीरधवलने तेही मोजलं.

साडेदहाला शेतीची लाइट यायची होती. ती आली ती कार्यालयाचे दिवे दोनदा मिचकावून, आणि तेवढ्या झटक्यात कोपऱ्यातली इंटरनेटची पेटी बंद पडून लाल दिवा दाखवत राहिली. तिच्याकडे वीरधवलशिवाय कुणाचं लक्ष गेलं नाही. पडद्यावर पहिला पंप दिसला. मग पाच सेकंद काही नाही. मग दुसरा. मग तिसरा. मोटर मात्र एकही लागेना.

"बाकीचं?" चेअरमन म्हणाले.

"येतील," तात्या म्हणाले.

दीपमालाची बोटं कीबोर्डवर चालत होती, पण काय शोधायचं हे तिला ठाऊक नव्हतं. सभासदांचे फोन वाजू लागले: मोटर का लागंना? तात्यांनी रुमालाने मान पुसली, मग कपाळ, मग पुन्हा मान. केरबा खिडकीत टेकून म्हणाला, "म्या असतो तर एव्हाना दहा शेतं भिजली असती." वीरधवल मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात त्याने चार मिनिटं जाऊ दिली. तीन कमी वाटली असती, पाचमध्ये काम हातचं गेलं असतं.

मग तो उठला. "सरक जरा," तो म्हणाला. फाइल उघडली, ती जागा गाठली, नाव विचारण्याची ओळ काढून टाकली, सर्व्हर पुन्हा बांधला, चालू केला. पडद्यावर पंप पावसाळी बेडकांसारखे भराभरा उमटले. दहा, साठ, दीडशे, तीनशे बारा. बाहेर कुणीतरी ओरडलं, "लागली रं मोटर!"

"काय झालतं?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही," वीरधवल म्हणाला. पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "यांनी लूपच्या मधोमध एक फंक्शन ठेवलं होतं, ते प्रत्येक पंपापाशी पाच सेकंद बसायचं. नवीन मुलांचं असं होतं. लायब्ररी भारी असते, पण आत काय घालायचं हे कळायला वर्षं जावी लागतात."

"म्हंजी पाटकरीच बसला व्हय बांधावर!" केरबा खूश होऊन म्हणाला.

दीपमाला पडद्याकडे वाकून बघत होती. तिने काहीतरी टाइप केलं, वाचलं, आणि मान वर केली. वीरधवलकडे तिने बघितलं, ते जरा जास्त वेळ. मग ती तात्यांना म्हणाली, "बरोबर आहे. मी ते वाचायला हवं होतं."

परतताना डिग्रज येईपर्यंत तात्या फक्त वीरधवलशी बोलत होते. "जुनं ते जुनं बाबा," ते म्हणाले. "पोरगी कच्ची हाय अजून. सातारला तिलाच धाडतो वरीसभर. घरबी जवळ पडंल. सर्व्हर तूच बघ." दीपमाला मागच्या सीटवर खिडकीबाहेर ऊस बघत होती. वीरधवलला वाटलं होतं त्याहून हे सगळं पुष्कळ गोड लागलं.

शुक्रवारी सकाळी तो लवकर आला. काल घाईने केलेला बदल रीतसर नोंदवायचा होता. कोणत्या ओळीवर कुणाचा हात कधी फिरला याची पूर्ण हकिगत संगणक राखून ठेवतो, आणि ती ओळ दीपमालाने कोणत्या तारखेला घातली हे बघायची त्याला हौस आली. पडद्यावर तारीख उमटली, अकरा वर्षांपूर्वीची. त्यापुढे नाव उमटलं. वीरधवल.

त्याने ते पुन्हा बघितलं. मग सगळं आठवलं. पहिले आठ पंप होते. तात्या नोंदी बघून म्हणाले होते, "ह्ये आकडं कुनाला वाचायचं? नावं दाव की." आणि त्याने एका संध्याकाळी हे फंक्शन लिहिलं होतं, तात्या खूश झाले होते. तेव्हा प्रत्येक पंपाला आपला स्वतंत्र गडी होता. एखादा बसला, तर एकटाच बसायचा. दीपमालाने ते त्याच्या नियमाप्रमाणे उकरलं नव्हतं. उचलून, कडा सारख्या करून नव्या जागी ठेवलं होतं. एवढ्यानेच त्याला स्वतःची ओळ ओळखू आली नव्हती.

ती आली तेव्हा त्याने विचारलं, "काल तू काय टाइप करून बघितलंस?"

"तेच," ती म्हणाली, "जे तुम्ही आत्ता बघताय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सरांचं आहे म्हणून वाचलंच नाही, असं? कोड सर्व्हरमध्ये घेतला मी, म्हणजे चूक माझीच." तिने पिशवी खुर्चीला अडकवली. "शिवाय सर, तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं. तुम्ही शोधलं नाहीत. उठलात आणि थेट त्या ओळीवर गेलात."

वीरधवलने पडदा तिच्यापासून थोडा वळवला.

"तेही मी सांगणार नाही," ती म्हणाली. "साताऱ्याला आई खूश आहे." आणि तिने टेबलाचा खण रिकामा करायला घेतला.

हे त्याला सोसवेना. रागावली असती, रडली असती, तात्यांकडे चुगली केली असती, तर हिशेब सरळ होता. ही खण आवरत होती! साताऱ्याला जाताना ही पोरगी दोन गोष्टी पोटात घेऊन जाणार, दोन्ही त्याच्या, आणि तो मात्र जिंकलेल्या खुर्चीवर तिच्या मेहरबानीने बसणार. सर्व्हर तिच्यासारखा लिहिता येणार नाही, हे त्याने एव्हाना मनात कबूल केलं होतं. पण मनाचा मोठेपणाही तिच्याकडेच जास्त? तो तडक तात्यांच्या खोलीत गेला.

"तात्या, ती कालची ओळ माझी होती. अकरा वर्षांपूर्वीची. तिने फक्त उचलून ठेवली."

तात्यांनी चष्मा काढला. "आन तिला ठावं हुतं?"

"तिथंच कळलं होतं तिला."

"आन तोंडातनं अक्षर न्हाई काढलं?" तात्या खुर्चीतून उठले. "आरं बाबा, काय मानूस हाय रं ती! एवढ्या लोकांत आपल्यावर घेतलं! सुभेदाराची शोभती खरी. बोलव तिला, बोलव. दीपमाला! ये पोरी, हिकडं ये."

ती दारात येऊन उभी राहिली. तात्या तिच्याकडे बघत मान हलवत होते, डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. कबूल केलं वीरधवलने, आणि आरती चालली होती तिची. त्याच्या कबुलीची तर कुणी दखलही घेतली नव्हती. माणूस शर्यतीत जसा शेवटचा जोर लावतो तसा तो बोलून गेला:

"मला रविवारपासून माहीत होतं. सोमवारी मी वायर काढून तपासलंही होतं. चार दिवस मी गप्प बसलो. काल चार मिनिटंही घड्याळ बघत बसलो होतो."

शेडमधल्या ड्रिलचा आवाज तेवढा येत राहिला.

"तीनशे शेतकरी थांबलं हुतं, वीरू," तात्या हळू म्हणाले.

"हो."

"आन माजी मान पुसून पुसून सालटी निघाली."

"हो."

तात्यांनी चष्मा घातला, समोरचा कागद सरळ केला, आणि वर न बघता म्हणाले, "सोमवारपासून सातारला जा. पोरगी हितंच ऱ्हाईल."

बाहेर आल्यावर दीपमाला त्याच्या मागून आली. "सर, ते दुसरं कशाला सांगितलंत? ते कुणालाच कळलं नसतं."

"मग काय," वीरधवल म्हणाला, "उभा राहून तुझं एकटीचंच कौतुक ऐकत राहू?"

तिला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून तिने ते आवरलं. तो टेबलापाशी गेला. काढलेल्या ओळीची नोंद अजून अर्धवट उघडी होती. बदलाचं कारण लिहायच्या जागी त्याने लिहिलं: लूपमध्ये नाव विचारल्यामुळे सर्व्हर थांबत होता, मूळ चूक माझी. मग क्षणभर विचार करून, तिचं आणखी एक फंक्शन होतं ज्यावर त्याला रविवारी बारीकसा संशय आला होता, त्याचा ओळ-क्रमांक कागदावर लिहून तिच्या टेबलावर ठेवला.

तिने कागद वाचला, फाइल उघडली, थोडा वेळ बघितलं.

"हे मी मंगळवारीच दुरुस्त केलंय, सर."

"कुठाय, दाखव," वीरधवल म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.